इंटरनेट चावडीपर्यंत आलं, वस्तीपर्यंत का नाही?

गेल्या महिन्यात आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्ता फिरला. गावात घरगुती इंटरनेटचे पर्याय किती, कोणाचा दर काय, स्पीड किती, कोणतं घेणं परवडतं, असं सगळं एका पानावर मांडलेलं. तक्ता करणारा मुलगा हुशार आहे, पुण्यात शिकतो, आणि त्याने मेहनत प्रामाणिकपणे केली होती. खाली एक ओळ होती : "आता आपल्या गावात सगळ्यांना चॉइस आहे."

आमच्या वस्तीतल्या एका पोराने तोच तक्ता मला पाठवला आणि विचारलं, "दादा, ह्यातलं कोणतं घ्यावं?"

मी उलट विचारलं, "ह्यातलं कोणतं आपल्या वस्तीतल्या घरात येतं?"

थोड्या वेळाने उत्तर आलं, "घरात म्हणशील तर एकपण नाही."

हा लेख त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या तक्त्यालाही उत्तर आहे.

आधी तक्ताच घेऊ

तक्ता खोटा नव्हता, म्हणून आधी त्याच्याच भाषेत बोलू. त्यात जिओच्या फायबरचा दर ३९९ रुपये लिहिला होता, बीएसएनएलच्या फायबरचा ४४९ रुपये, आणि तारेशिवाय चालणाऱ्या एअरफायबरचा ५९९ रुपये. जिओच्या फायबरचा आणि एअरफायबरचा स्पीड ३० एमबीपीएस. शिवाय तालुक्याच्या केबलवाल्याची लाइन. या आकड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो तक्त्यात नव्हता. तो धरला तर ३९९ चे ४७१ होतात, ४४९ चे ५३० आणि ५९९ चे ७०७. वर्षाचा हिशेब केला तर अनुक्रमे साधारण ५,६५०, ६,३६० आणि ८,४८० रुपये.

आता वस्तीत काय चालतं ते पाहा. वस्तीत मोबाइलचं रिचार्ज चालतं. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २३९ वरून २९९ रुपयांवर गेला. कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा, म्हणून वर्षात १२ नव्हे, १३ रिचार्ज करावी लागतात. एका फोनचे ३,८८७ रुपये. घरात बाप, आई आणि शिकणारी पोरगी असे तीन फोन असतील तर ११,६६१ रुपये.

म्हणजे गावात पाटलाच्या वाड्यावर ५,६५० रुपयांत अख्खं घर दिवसभर नेट वापरतं, आणि वस्तीतलं मजुराचं घर दुप्पट पैसे भरून रोज दीड जीबीवर भागवतं. फायबर घेतलं तरी फोनचं रिचार्ज पूर्ण सुटत नाही, ओटीपीसाठी सिम चालू ठेवावंच लागतं. पण ट्रायच्या आदेशानंतर २०२५ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आले आहेत. घरात वायफाय असेल तर आई-बापाचे फोन त्या पॅकवर चालतील. ज्याच्या घरात तार नाही, त्याला ही बचतसुद्धा करता येत नाही. "भारतात डेटा जगात स्वस्त" असं रोज ऐकवलं जातं. स्वस्त कोणासाठी? ज्याच्या भिंतीपर्यंत तार आली त्याच्यासाठी.

मग वस्तीतले लोक तार का घेत नाहीत? अडाणी आहेत म्हणून? रील बघण्यातच धन्यता मानतात म्हणून? की तार येतच नाही म्हणून?

चारशे मीटर

आमचं गाव मराठवाड्यातलं. ग्रामपंचायत, शाळा, सोसायटी, पार, सगळं एका ठिकाणी. तिथून ओढ्याकडे उतरलं की आमची वस्ती, ६२ घरांची. चावडीपासून अंतर मी पावलांनी मोजलं आहे, साधारण ४०० मीटर भरतं.

केबलवाल्याची फायबर २०२३ मध्ये चावडीपर्यंत आली. आम्ही त्याला भेटलो. माणूस वाईट नाही. चहा पाजला, आणि म्हणाला, "तिकडं फिजिबल नाही, दादा. तिकडं कस्टमर होत नाहीत. घ्यायचंच असंल तर खांबाचा आणि वायरचा खर्च तुमचा, अन सहा महिन्यांचे पैसे आधी." त्याच महिन्यात त्याने गावाच्या दुसऱ्या बाजूला दीड किलोमीटरवरच्या मळ्यात लाइन नेली होती. त्या मळ्यात चार घरं आहेत. त्यांच्याकडून खांबाचे पैसे घेतले नाहीत, सहा महिन्यांचे आगाऊही घेतले नाहीत. चार घरांसाठी दीड किलोमीटर फिजिबल, आणि ६२ घरांसाठी ४०० मीटर फिजिबल नाही. हे कोणतं गणित आहे?

त्याला विचारलं तर तो म्हणाला, "ते ओळखीचे आहेत, पैसे बुडणार नाहीत." आमच्यातल्या कोणी त्याचे पैसे बुडवले होते? कोणीच नाही. आम्ही त्याचे ग्राहकच नव्हतो, बुडवणार कसे? पण वस्ती म्हटलं की पैसे बुडणार, हे त्याला आधीच ठाऊक होतं. त्याने जातीचा एक शब्द उच्चारला नाही. उच्चारायची गरज काय? पूर्वी 'विटाळ' म्हणायचे, आता 'फिजिबिलिटी' म्हणतात.

मग कोणी सांगतं की एअरफायबर घ्या, त्याला तार लागत नाही. तार लागत नाही, पण टॉवरचा सिग्नल लागतो. माणूस तपासायला आला, वस्तीच्या तोंडाशी उभं राहून मोबाइलवर बघितलं आणि निघून गेला. वस्ती खोलगट जागेत आहे, तिथे ५जी पोचत नाही. बरोबर आहे, पोचत नाही. पण आमची वस्ती खोलगट जागेत का आहे? ओढ्याकाठची, पावसाळ्यात पाणी शिरणारी जागा आमच्या आज्या-पणज्यांनी हौसेने निवडली होती का? गावाने गावकुसाबाहेर जी जागा ठेवली तिथे त्यांनी झोपड्या घातल्या. तेव्हाची ती जागा आज सिग्नलचा नकाशा ठरवते आहे. मशीनला जात कळत नाही हे मला मान्य आहे. पण मशीन ज्या जमिनीवर उभं राहतं, ती जमीन जातीने वाटलेली आहे.

नेटसाठी पारावर

"नेट नसल्याने एवढं काय अडतं?" असं विचारणारे लोक आपल्यातही आहेत. त्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगतो.

२०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. माझी पुतणी दहावीला ८१ टक्के घेऊन पास झाली. महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा होता. वस्तीत फोनवर ते पान उघडेना. रात्री नऊला माझा भाऊ तिला घेऊन पारावर गेला, तिथे रेंज चांगली मिळते. दोघं फोनच्या उजेडात फॉर्म भरत असताना तिथे बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "काय रे, आमच्याकडं नेट चोरायला आलात काय?" सगळे हसले. भाऊ काही बोलला नाही. फॉर्म भरला गेला, प्रवेशही मिळाला. पण पुढच्या फेरीला पोरगी पारावर गेली नाही. दुसऱ्या दिवशी एसटीने तालुक्याला गेली, सेवा केंद्रात ५० रुपये दिले. भावाची एक दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळी.

आता मोजा. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, स्वाधारचा अर्ज, जात पडताळणीचा अर्ज, सीईटी, एमपीएससी, लाडक्या बहिणीची ई-केवायसी. बाबासाहेबांच्या संविधानाने जे जे हक्क दिले, त्यांच्या दारावर आज एक पासवर्ड आणि एक ओटीपी बसवलेला आहे. हे दार उघडण्यासाठी आमच्या पोरींना रात्री पारावर जाऊन उभं राहावं लागत असेल, तर ते दार आमच्यासाठी उघडं आहे असं कसं म्हणायचं?

केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या खटल्यात सांगितलं की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिचा गुन्हा काय होता? वसतिगृहाने ठरवून दिलेल्या वेळेत मोबाइल जमा करायला तिने नकार दिला, म्हणून तिला वसतिगृहातून काढलं होतं. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात इंटरनेटवरून बोलण्याच्या आणि व्यवसाय करण्याच्या स्वातंत्र्याला कलम १९ चं संरक्षण असल्याचं म्हटलं. त्यानंतर दोनच महिन्यांत लॉकडाऊन लागलं आणि शाळा फोनवर गेल्या. त्याआधीच्या २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या जेमतेम १५ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, संगणक ४.४ टक्के घरांत. ती दोन वर्षं ज्यांच्या शिक्षणातून कायमची गेली, ती पोरं कोणत्या वस्त्यांतली होती हे वेगळं सांगायला नको.

गाव जोडलं म्हणजे कोण जोडलं?

"कंपनी खासगी आहे, तिला फायदा बघावा लागतो," असं म्हणतात. बरं, मग सरकारी तारेचं बोलू.

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट म्हणून झालं. हा पैसा आला कुठून? दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के रक्कम याच कामासाठीच्या निधीत जाते. त्या निधीचं नाव आता डिजिटल भारत निधी आहे. कंपन्यांचा महसूल म्हणजे आपलं रिचार्ज. ऊसतोड करणाऱ्या बाईने फडात बसून मारलेल्या २९९ च्या रिचार्जचाही त्यात वाटा आहे. ही तार कोणी उपकार म्हणून आणलेली नाही, आपण तिचे पैसे भरलेत.

आमच्या ग्रामपंचायतीत ती तार आलेली आहे. एका खोलीत पेटी आहे, खोलीला कुलूप आहे, किल्ली एकाकडे आहे, आणि तो सहसा गावात नसतो. बॅटरी केव्हाच गायब झाली. पण कागदावर आमचं गाव 'जोडलेलं' आहे.

इथेच खरी गोम आहे. सरकार मोजतं ग्रामपंचायत. पेटी ग्रामपंचायतीत पोचली की गाव जोडलं, हिशेब संपला. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. त्यात ग्रामपंचायतीपलीकडच्या गावांना 'मागणीनुसार' जोडणी मिळेल असं म्हटलं आहे. पण वस्तीची मागणी कोण करणार? वस्ती हे काही वेगळं गाव नाही. कागदावर ती गावात आहे, आणि गाव तर जोडलेलं आहे! कर भरताना, मतं देताना आम्ही गावात. नळ, रस्ता आणि तार येताना गावाबाहेर.

४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी या गावाची पुरती चिरफाड केली होती. गाव हा घटक मानायचा आग्रह धरणाऱ्यांना त्यांनी ठणकावलं, आणि मसुद्याने गाव बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केलं. त्यांना ठाऊक होतं की गावाला दिलं म्हणजे गावातल्या प्रत्येकाला मिळालं असं होत नाही. गावाला दिलेलं चावडीवर थांबतं. संविधानाने माणूस मोजायचं ठरवलं, आणि ७५ वर्षांनी योजना पुन्हा गाव मोजायला लागल्या. आपला वाद इथे आहे. प्लॅन ३९९ चा घ्यावा की ४४९ चा, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

महाडचं पाणी आणि गावातली तार

काही जण म्हणतील, उगाच प्रत्येक गोष्टीत महाड आणू नका. मी आणणार, कारण महाडचा क्रम आठवा. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर चवदार तळं 'जोडलेलं' होतं! तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांना घेऊन चालत जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं, मार खावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने यायला १९३७ उजाडलं. ठराव आणि ओंजळ यांत केवढं अंतर असतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

संविधानाचं कलम १५(२) विहिरी, तलाव, घाट आणि रस्ते यांचं नाव घेतं, आणि सरकारी पैशातून चालणाऱ्या अशा जागांचा वापर करताना जातीवरून कोणाला अडवता येणार नाही असं सांगतं. १९५० मध्ये फायबर नव्हती, म्हणून तिचं नाव त्यात नाही. पण सार्वजनिक पैशातून आलेली, सर्वांच्या वापराची, आणि जिच्यावाचून जगणं अडतं अशी वस्तू, ही त्या कलमामागची दृष्टी आहे. आज ती दृष्टी तारेला लावायची की नाही?

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे, तो टाळत नाही. गावापासून लांबच्या धनगरवाड्यांना, तांड्यांना, काही सवर्णांच्या शेतवस्त्यांनाही तार मिळालेली नाही. मान्य. सगळा नकार जातीचाच असतो असं मी म्हणत नाही. तांडा आणि धनगरवाडा तर आपल्याच लढ्यातले सोबती आहेत. पण मळ्याला नकार मिळाला तर त्याच्याकडे ओळख असते, आगाऊ पैसे असतात, सोसायटीत नातेवाईक असतो. वस्तीकडे यातलं काहीच नसतं, आणि ते का नसतं याचं उत्तर पुन्हा जातीतच सापडतं.

आपलंही थोडं चुकतं

आता आरसा आपल्याकडे फिरवतो. २०२४ मध्ये आम्ही नऊ घरांनी पैसे जमवले, खांबाचा खर्च सोसला आणि बुद्धविहारात एक लाइन घेतली. हे पैसे जमवायला चार महिने लागले. त्याच वर्षी १४ एप्रिलच्या डीजेची वर्गणी आठ दिवसांत जमली होती. एका रात्रीच्या डीजेत विहाराची कित्येक वर्षांची लाइन झाली असती. जयंती धुमधडाक्यात करा, पण ज्याने लंडनच्या ग्रंथालयात उपाशीपोटी वाचन केलं त्याच्या जयंतीला पोरांना वाचायला जागा आणि नेट मिळू नये, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

लाइन आली तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. संध्याकाळी विहारात फक्त मुलगेच दिसायला लागले. पासवर्ड त्यांच्याकडे, जागा त्यांची. बायकांनी बैठकीत हा विषय काढला. आता सहा ते आठ ही वेळ मुलींची, आणि पासवर्ड महिला मंडळाकडे असतो. गावाने आपल्याला जे केलं ते आपण आपल्या पोरींना करायचं नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये मिरवणुकीच्या रस्त्यावरून गावात कुरबूर झाली. त्याच आठवड्यात विहाराची लाइन बंद पडली. तार तुटली की तोडली, मी सांगू शकत नाही. एवढंच सांगतो की जिथून आमची लाइन फुटते तो बॉक्स गावातल्या एका भिंतीवर आहे, आणि दुरुस्ती व्हायला ११ दिवस लागले.

मग कोणतं घ्यावं?

त्या पोराला मी शेवटी हे सांगितलं. प्लॅनची तुलना जरूर करा, पण आपला तक्ता वेगळा करा. त्यात दराच्या रकान्यात जीएसटी, बसवणी, राऊटरचं डिपॉझिट आणि आगाऊ रक्कम धरून वर्षाचा एकूण खर्च लिहा. डेटाची मर्यादा संपल्यावर स्पीड किती राहतो ते लिहा. एअरफायबरची मर्यादा १,००० जीबी आहे, तर ४४९ च्या प्लॅनची ३,३०० जीबी. लाइन बंद पडली तर दुरुस्तीला कोण येतो आणि किती दिवसांनी, ते लिहा. वीज गेली की फायबरही बंद पडते, म्हणून राऊटरच्या छोट्या यूपीएसचा खर्च धरा. आणि शेवटचा रकाना विसरू नका : बॉक्स कोणाच्या भिंतीवर आहे?

मग सगळ्या वस्तीच्या सह्यांनी एकच मागणी करा. सुटा माणूस गेला की 'कस्टमर नाही' म्हणतात. तीस घरं एकत्र गेली की तोच माणूस हिशेब करायला बसतो. बीएसएनएलचं काम अनेक ठिकाणी स्थानिक भागीदारांमार्फत चालतं, त्यांनाही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत सार्वजनिक वायफाय चालवणाऱ्याला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही, शुल्क नाही. जून २०२५ मध्ये ट्रायने अशा केंद्रांना द्यायच्या फायबरच्या दरावर घरगुती दराच्या दुपटीची मर्यादाही घातली आहे. वस्तीतल्या एखाद्या सुशिक्षित बेरोजगार पोराला हे काम उभं करता येईल.

आणि ग्रामपंचायतीला सोडू नका. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका : भारतनेटची पेटी केव्हा बसली, चालू आहे का, किल्ली कोणाकडे आहे, आजवर किती जोडण्या दिल्या, त्यातल्या वस्तीत किती? ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायचे असतात. गेल्या पाच वर्षांत ते कशावर खर्च झाले ते विचारा, आणि त्यातून वस्तीपर्यंतचे खांब आणि तार यांची मागणी करा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत बायकांनी पुढे बसून हा ठराव मांडावा, आणि इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नये.

तक्ता करणाऱ्या त्या मुलावर माझा राग नाही. उलट मी त्याला फोन केला आणि म्हणालो, बाबा, तुझ्या तक्त्यात एक रकाना वाढव : 'वस्तीत मिळतं का? हो / नाही.' तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, माझ्या हे डोक्यातच आलं नाही." त्याने दुसऱ्या दिवशी नवा तक्ता टाकला. त्या रकान्यात चारही ठिकाणी 'नाही' होतं, आणि खालची 'सगळ्यांना चॉइस आहे' ही ओळ त्याने काढली होती. ग्रुपवर त्यावर कोणी काही बोललं नाही. आता बोलायचं ते ग्रामसभेत.

जय भीम!